निजानीजवाला रूबेनमामा

रात्री साडेदहाला अख्ख्या रोह्याला हसवणारा माणूस सकाळी आठला आमच्या ओटीवर बसून "शुभरात्री मंडळी" म्हणायचा, आणि नेमकं त्याच वेळी माझं दूध उतू जायचं. खिडकीला गोधडी टांगलेली, बाहेरचं ऊन दिसू नये म्हणून. मागे भिंतीवर माझ्या लग्नातली जांभळी चादर. समोर आमचे हे खांद्यावर कॅमेरा घेऊन, श्वास रोखून उभे. आणि आत कुकरची शिट्टी झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. "शैला गो," रूबेनमामा आत तोंड करून ओरडायचा, "रात्रीच्या साडेदहाला कोणाच्या घरी डाळ शिजते गो? लोकांना वाटंल, रूबेन हसवतोय का जेवायला बोलवतोय!"

मी त्याला तोंडावर अहोजाहो करायचे आणि पाठीमागे अरेतुरे. गावात सगळ्यांचंच तसं होतं. आता तो ऐकायला नाही, तर अरेतुरेच करते.

ब्याण्णव-त्र्याण्णवचा सुमार असेल. ह्यांनी रोह्यात आणि पुलापलीकडे अष्टमीत केबल टाकली होती. ओटीशेजारच्या खोलीत व्हीसीआर मांडलेले, दुपारी एक पिक्चर आणि रात्री एक. रात्रीची कॅसेट लावायचं काम माझ्या गळ्यात, कारण हे कुठल्या ना कुठल्या लग्नाच्या शूटिंगला गेलेले असायचे. पिक्चर आवडला नाही की लोक फोन करून मला शिव्या द्यायचे, जणू काही मीच नाचले होते त्यात.

रूबेनमामा बाजारपेठेतल्या दवाखान्यात कंपाउंडर होता. उंच, वाकलेला, कानांच्या पाळ्या लांब, आणि अंगाला कायम कफ मिक्श्चरचा वास. जातीनं इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू. आमच्याकडे त्यांच्या लोकांना शनवारतेली म्हणत, कारण पूर्वी त्यांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी घाणा बंद असे. मामाच्या लहानपणी अष्टमीत त्यांची गल्लीच होती. मग एकेक घर इस्रायलला गेलं. मामाची बायको वारली, मुलगी सोफी लग्न करून तिकडे गेली, आणि गल्लीत मामा एकटा उरला. बोलायला मात्र तुमच्याआमच्यासारखाच, नाय आणि व्हय आणि हाय. "आमची माणसं समुद्रातून वाहून कोकणात आली म्हणतात," तो सांगायचा. "आल्या आल्या पयली मासळीचा भाव विचारला असणार. म्हणून राहिलो."

त्याचा कार्यक्रम सुरू झाला तो व्हीसीआरनं कॅसेट खाल्ली म्हणून. एका बुधवारी रात्री पिक्चर अर्ध्यात आला नि टेप गुंतली. फोन खणखणायला लागला. हे घामाघूम. तेवढ्यात मामा माझ्या सासूबाईंच्या खोकल्याचं औषध घेऊन दारात. ह्यांनी त्याला खुर्चीत दाबून बसवलं, कॅमेऱ्याची वायर सरळ केबलला जोडली आणि म्हणाले, "मामा, दहा मिनिटं काय पण बोला."

मामानं स्वतःचीच नक्कल केली. रूबेन कंपाउंडर बाटलीवर कागदाची पट्टी कसा चिकटवतो, पेशंट डोस विसरला की कसा चिडतो, आणि डॉक्टर आत नसले की खुर्चीकडे कसा बघतो. माझ्या सासूबाई हसून हसून इतक्या खोकल्या, की आणलेलं औषध तिथल्या तिथे सुरू करावं लागलं. टेप सुटली, पिक्चर पुढे सुरू झाला, तर फोन पुन्हा वाजला. "पिक्चर गेला खड्ड्यात, मामाला लावा!"

तेव्हापासून शनिवारी रात्रीचा पिक्चर संपला की अर्धा तास 'निजानीज'. नाव मामानंच ठेवलं. शनिवार आम्ही ठरवला तेव्हा त्यानं अट घातली. "शनवारी मी काम करनार नाय. शुक्रवारी सकाळी शूटिंग घ्या. लावायचं ते आकाशात तीन तारे दिसल्यावर लावा, तेव्हा आमचा शनवार संपतो, म्हणजे माझी काय हरकत नाय." रात्री साडेदहाला तीन सोडून तीनशे दिसतात. जमलं.

गावातल्या माणसांच्या नकला, एवढाच तो कार्यक्रम. पण त्यात एक नेम होता, आणि तो नेम म्हणजेच रूबेनमामा. ज्याची नक्कल करायची, त्याच्या घरी तो आधी जायचा. संध्याकाळी, बायकापोरं घरात असताना. चहा झाला की उभा राहायचा आणि त्याच माणसाच्या तोंडावर त्याची नक्कल करून दाखवायचा. मग विचारायचा, "चालंल?" हो म्हणाला तर शुक्रवारी कॅमेऱ्यासमोर. नाही म्हणाला तर विषय संपला. आजारपणाची नक्कल कधीच नाही. "खोकला औषदाला आलेला असतो गो," म्हणायचा, "तो काय करमनुकीला येत नाय."

बायजा म्हणून म्हावरं विकणारी कोळीण होती, तोंडाची भारी तिखट. तिच्या दारात मामानं तिचीच नक्कल केली तेव्हा तिनं कोयता उचलला. दोन मिनिटांनी कोयता खाली ठेवला आणि म्हणाली, "मेल्या, कंबरेवर हात असा नाय ठेवत मी. बघ, असा." तासभर मामाला शिकवलंन. तो भाग इतका गाजला, की पुढचे आठ दिवस बाजारात सगळ्याच कोळणी कंबरेवर हात ठेवून उभ्या.

दुसरा एक बँकेतला कॅशियर. त्यानं ठाम सांगितलं, माझी नक्कल नको, मला पोझिशन आहे. मामा बरं म्हणून उठला. तीन वर्षं त्यानं त्या माणसाचा नुसता उल्लेख केला नाही. तिसऱ्या वर्षी कॅशियर स्वतः दवाखान्यात आला, औषध-बिषध काही नको होतं. घुटमळला आणि म्हणाला, "सगळ्या गावाची केलीत, माझीच तेवढी नाही?" मामा म्हणाला, "सायेब, तुम्ही नाय म्हणालात. मी तुमचा नाय पाळला नाय, तर लोकांच्या व्हयला काय किंमत राहील?" नाहीच केली त्याची. कॅशियर पुढे बदली होऊन गेला, बहुतेक मनात कुढतच.

शुक्रवारी शूटिंग उरकून मामा दवाखान्यात जायचा आणि दुपारच्या एसटीनं पेणला. तिथे त्यांची प्रार्थनेची जागा आहे, गाव तिला मशीदच म्हणतं. त्यांच्यात सगळी प्रार्थना नीट व्हायला दहा पुरुष लागतात. पेण, वडखळ, रोहा आणि आसपासची खेडी मिळून त्या वर्षांत बरोब्बर दहा उरले होते. मामा दहावा. शनिवारी ते लोक गाडीत बसत नाहीत, म्हणून शुक्रवारीच जाऊन राहायचं आणि शनिवारी तारे दिसले की शेवटची एसटी धरून परत यायचं. धो धो पाऊस असो, अंगात ताप असो, मामानं एक शनिवार चुकवला नाही. सोफीची पत्रं यायची, बाबा आता इकडे या. मामा ती मला वाचून दाखवायचा आणि घडी करून खिशात ठेवायचा. "मी गेलो की तिथं नऊ उरतील गो. आनि तुमच्या शनवारचं काय? देवाला दहा लागतात, मला एक हसला तरी पुरे. पन त्या एकाला माझी भाषा यायला पायजे."

गंमत अशी, की त्यानं स्वतःचा कार्यक्रम टीव्हीवर लागलेला कधी पाहिला नाही. एसटी अष्टमीच्या थांब्यावर यायची तेव्हा निजानीज नुकतं सुरू झालेलं असे. मामा उतरून मुद्दाम लांबच्या गल्ल्यांनी घरी जायचा, हळूहळू, पिशवी हातात, माणसं कुठे हसतात ते बंद दारांआडून ऐकत. रविवारी येऊन मला सांगायचा, "सुताराच्या गल्लीत जोरात झाला. मोहल्ल्यात जरा उशिरा हसले, तिकडे तुमचा सिग्नल खराब हाय का बघ." मी म्हटलं, एकदा कॅसेट लावून बघा की. तर म्हणाला, "मी काय करतो ते मला ठाऊक हाय. लोकं काय करतात ते ऐकायला पायजे."

आता हिराजीचं सांगते. सांगायचं तेच आहे, बाकी सगळं मी उगाच लांबवत बसले.

हिराजी म्हात्रे, पेण-रोहा एसटीचा कंडक्टर. खाडीकाठच्या गावचा, पण घर केलं होतं अष्टमीत, थांब्यासमोरच. मामाचा दोस्त. दर शनिवारी रात्री मामा त्याच्याच गाडीनं यायचा, त्याच्या शेजारच्या सीटवर. हिराजीचा आवाज म्हणजे काय सांगावं! झोपलेल्या बाळालाही तिकीट काढावंसं वाटेल. "चला, नागोठणं! नागोठण्यावाले उठा, नायतर रोह्यात सासुरवाडी शोधा!" दोन वर्षं तो मामाच्या मागे लागला होता, माझी नक्कल कधी? मामा टाळायचा. म्हणायचा, "रोज बघतो त्याचीच कठीण जाते रे."

शेवटी शहाण्णवच्या फेब्रुवारीत मामा नेमाप्रमाणे हिराजीच्या घरी गेला. हिराजी, त्याची बायको सुगंधा, दोन मुली. मामानं उभं राहून गाडी चालू केली, तिकीट फाडलं, घंटी मारली, दारुड्याला उतरवला. हिराजी जमिनीवर लोळायचा बाकी होता. सुगंधा दाराआड पदर तोंडात धरून. हिराजी म्हणाला, "चालंल काय, पळंल!" शुक्रवारी शूटिंग झालं. मी त्या सकाळी सासूबाईंना डोळे दाखवायला घेऊन गेले होते, त्यामुळे कॅसेटमध्ये कोण आहे ते मला माहीत नव्हतं. हे शनिवारी डोलवीला लग्नाच्या शूटिंगला गेले, जाताना कॅसेट व्हीसीआरवर ठेवून गेले.

त्या शनिवारी हिराजीनं सुट्टी घेतली होती. दुपारी जेवून आडवा झाला आणि उठला नाही. चाळीस-बेचाळीसचा गडी. संध्याकाळी सगळं आटोपलं पण.

शेजारीण आठच्या सुमाराला मला म्हणाली, अष्टमीत एसटीतला कोणीतरी गेला म्हणे. मी भाकऱ्या थापत होते. अरेरे म्हटलं आणि भाकरी उलटली. कोण, म्हणून विचारलं नाही. साधं दोन अक्षरांचं विचारणं, तेही झालं नाही माझ्याकडून.

आणि दुसरं. शनिवारी रात्री मी फोनचा रिसीव्हर काढून ठेवायचे. पिक्चर संपत आला की लोक फोन करकरून जीव नको करायचे, मामाला लवकर लावा, आवाज वाढवा, मागच्या वेळची बायजा परत लावा. ह्यांना हे ठाऊक नव्हतं. मामाला तर नव्हतंच. साडेनऊला रिसीव्हर बाजूला ठेवला की मला शांतपणे जेवता यायचं. त्या रात्रीही ठेवला.

तिकडे पेणच्या थांब्यावर मामा गाडीत बसला, तर कंडक्टर दुसराच. वडखळला गाडी थांबली तेव्हा मामानं सहज विचारलं, हिराजी सुट्टीवर का? तो पोरगा म्हणाला, "काका, तुम्हाला कळलं नाय? हिराजीभाऊ गेले दुपारी."

मामा नंतर मला एवढंच म्हणाला, की पहिल्यांदा त्याला हिराजीचं वाईट वाटायलाही वेळ मिळाला नाही. डोळ्यांसमोर आली ती कॅसेट. साडेदहा वाजणार, आणि मेलेल्या माणसाचा आवाज त्याच्याच आळीत घराघरांतून वाजणार. नागोठण्याला त्यानं ड्रायव्हरला हात जोडले, गाडी थांबवून धरली आणि एसटीडी बूथमध्ये धावला. माझा नंबर लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. गाडीतली माणसं खाली उतरून उभी राहिली, कोणी एका शब्दानं कुरकुरलं नाही. दहा मिनिटं तो तेच बटण दाबत होता. मग गाडीत येऊन बसला. नागोठण्यापासून भिसे खिंडीतून अष्टमीपर्यंतचा तो रस्ता त्यानं कसा काढला असेल, ते मी कधी विचारलं नाही. तेवढं धाडस नव्हतं माझ्यात.

साडेदहाला मी कॅसेट लावली. पडद्यावर मामा खाकी सदरा घालून, गळ्यात पिशवी, "चला, अष्टमी अष्टमी! झोपलेले उठा, उठलेले उतरा!" मी आणि सासूबाई पोट धरून हसलो. हो, हसलो. खोटं कशाला सांगू.

हिराजीच्या घरात बायका सुगंधाला घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या घरचा टीव्ही अर्थातच बंद होता. पण भिंतीपलीकडच्या घरात एक म्हातारा होता, कानानं अधू, दिवसभर पोलादपूरला मुलाकडे गेलेला आणि नुकताच परतलेला. त्याला काही पत्ता नाही. त्यानं नेहमीसारखा टीव्ही लावला, नेहमीसारखा मोठ्यानं. आणि भिंतीतून हिराजी ओरडला, "अष्टमी, अष्टमी!"

सुगंधा उठली. बायका धरेपर्यंत ती दारातून बाहेर पडून ओट्यावर आली होती, अनवाणी. समोर थांब्यावर एसटी उभी होती, इंजिन चालू. आणि गाडीतून उतरून मामा धावत येत होता.

तिनं मामाला विचारलं, "हे मागे हायत ना? आवाज आला."

मामा पायरीशीच थांबला. हिराजीचा थोरला भाऊ बाहेर आला, त्यानं सुगंधाला धरून आत नेलं आणि दारातून मागे वळून म्हणाला, "मामा, आजचा दिस तरी सोडायचा होता." मारलं असतं तर बरं झालं असतं, असं ते बोलणं.

सव्वाअकराला मामा आमच्या दारात आला. पूल ओलांडून चालत. मी दार उघडलं तर चेहरा ओळखू येईना. "हिराजी गेला," म्हणाला. मग म्हणाला, "फोन लागत नव्हता गो." एवढं बोलून त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या स्टुलाकडे गेलं. रिसीव्हर तसाच बाजूला आडवा पडलेला. मामा स्टुलापाशी गेला, रिसीव्हर उचलला आणि हळूच जागेवर ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत जाऊन सासूबाईंच्या पाया पडला, कशाला कोण जाणे, आणि गेला.

रविवारी सकाळी त्यानं ह्यांना सांगितलं, "त्या कॅसेटवर कोणाचं तरी लग्न चढवा." ह्यांनी चढवलं. निजानीज बंद झालं. लोक यायचे, विनवायचे, मामा, झालं ते झालं. मामा औषधाची बाटली हातात देऊन म्हणायचा, "हलवून घ्या." गावात जो भेटेल त्याला त्यानं एकच सांगितलं, चूक माझी, मला वेळेवर कळवायला जमलं नाही. रिसीव्हरचं त्यानं कोणालाच सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. आणि मी, तोंडाळ म्हणून अख्ख्या आळीत प्रसिद्ध बाई, मीही नाही सांगितलं. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं.

सुगंधानं मामाशी बोलणं टाकलं. रस्त्यात दिसला तर ती दुसऱ्या अंगानं जायची. औषधपाण्याला दुसऱ्या डॉक्टरकडे. तिची धाकटी एकदा तापानं फणफणली तेव्हा मामा औषध घेऊन तिच्या ओट्यापर्यंत गेला आणि बाटली पायरीवर ठेवून परत आला. दुसऱ्या दिवशी बाटली तशीच पायरीवर होती. "ती माझ्या तोंडावर बोलली असती ना, शिव्या दिल्या असत्या ना, तरी चाललं असतं," तो मला म्हणाला. "मी हिराजीला विचारलं, चालंल का. तिला नाय विचारलं. घर तिचं पन होतं." मी मान खाली घालून तांदूळ निवडत होते. त्या तांदळात एक खडा नव्हता, तरी निवडत होते.

त्याच पावसाळ्यात पेणचे त्यांचे एक म्हातारे वारले. दहाचे नऊ झाले. मामा तरीही दर शुक्रवारी जात राहिला. नऊ जण बसायचे, जेवढं म्हणता येतं तेवढं म्हणायचे आणि उठायचे. इथे शनिवारची रात्र मुकी, तिथे सकाळ अर्धी. सोफीची पत्रं आता तो मला वाचून दाखवत नसे. अठ्ठ्याण्णव उजाडलं आणि एक दिवस दवाखान्यात त्यानं मला सांगितलं, "कागद झाले गो. मार्चात जातो." मी काही बोलायच्या आत म्हणाला, "एकच हाय. सुगंधाच्या तोंडून एक शब्द ऐकून गेलो असतो. जा म्हणाली असती तरी. तसाच गेलो तर तिथं मला मरन पन नीट येनार नाय."

त्या रात्री मी झोपले नाही. माझी मला इतकी लाज वाटली, की सांगायची सोय नाही. दोन वर्षं हा माणूस माझं पाप डोक्यावर घेऊन गावभर फिरला, आणि मी त्याच्या हातून सासूबाईंचं औषध निमूट घेत राहिले.

तो जायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "मामा, चला." कुठे, म्हणून त्यानं विचारलं नाही. आम्ही पूल ओलांडून अष्टमीत गेलो. सुगंधा ओट्यावर वाल सोलत बसली होती. मामाला बघून सूप उचलून उठलीच. मी एका दमात बोलले, "सुगंधा, थांब. मामांनी नागोठण्यावरून फोन केला होता. दहा मिनिटं गाडी थांबवून करत होते. फोन लागला नाही, कारण मी रिसीव्हर काढून ठेवला होता. लोकांचे फोन येतात म्हणून. चूक माझी. मामांची नाही. दोन वर्षं मी गप्प बसले."

सुगंधा तशीच उभी. सूप तिच्या हातात वाकडं झालं आणि वाल पायरीवर सांडत राहिले, तरी तिला भान नव्हतं.

"दोन वर्सं, शैलावैनी?" ती म्हणाली.

मी पायरीवरचे वाल वेचायला वाकले.

मग ती मामाकडे वळली. "तुम्ही का नाय सांगितलात, भावजी?"

मामा म्हणाला, "सांगून काय फरक पडला असता? आवाज माझाच होता."

मग तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "आत या."

आत हिराजीचा फोटो. दोन्ही मुली दाराआडून बघत. सुगंधानं पाणी दिलं आणि विचारलं, "ती कॅसेट हाय?"

"पुसली," मामा म्हणाला.

"मग तुम्ही करा. माझी धाकटी विचारते, बाबा कसं बोलायचे. मला सांगता येत नाय."

मामा उठला. पायजम्याची घडी सारखी केली, खाकरला, तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. ज्यानं अख्खं गाव अंगात आणलं होतं, त्याच्या गळ्यातून नुसती हवा बाहेर पडत होती. तो फोटोकडे बघून म्हणाला, "येत नाय रे. गेला तो." आणि भिंतीला हात लावून उभा राहिला. डोळ्यांतून धारा.

तेव्हा सुगंधा उठली. मी कधी विसरणार नाही. आयुष्यात चार माणसांत मोठ्यानं न बोललेली बाई ती. पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "तसा पन तुम्ही गाडीतला हिराजी केला व्हता, भावजी. घरातला तुम्हाला कुठं ठाऊक!" दारापर्यंत गेली, तिथून जडशीळ पावलं टाकत आत आली, खांद्यावरची नसलेली पिशवी खुंटीला अडकवली, खाली बसली, पाय लांब केले आणि जाड आवाजात, पण कसा हळू, म्हणाली, "गो सुगंधा, दिसभर लोकांवर वरडलो. आता तू वरड, मी ऐकतो."

धाकटी खुदकन हसली. थोरलीही हसली. आणि मामा, गाल ओले असताना, इतक्या मोठ्यानं हसला की हसता हसता खाली बसला. "ह्यो मला नाय दाखवलान कधी," म्हणत होता. "ह्यो मला नाय दाखवलान!" सुगंधाही हसत होती, हसताना रडत होती, आणि मी तर केव्हाचीच रडत होते, मला कोण विचारतंय. तिनं आम्हाला वालाची आमटी-भात जेवायला घातला. मामानं विचारलं, "चालंल ना सुगंधा, मी गेलो तर?" ती ताटात भात वाढत म्हणाली, "आधी पोटभर जेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीला मी अष्टमीच्या थांब्यावर गेले. एक ट्रंक, एक पिशवी. मी विचारलं, तिकडे काही कराल ना, नकला वगैरे? मामा म्हणाला, "कोनाच्या घरी जाऊन विचारू गो? मला तिकडचं काय येत नाय. सोफीच्या पोरांना पन माझं समजत नाय." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याबद्दल राग आहे का, हे विचारायला मी तोंड उघडलं, तर म्हणाला, "सासूबायची बाटली बुधवारी संपंल. आनायला विसरू नको." गाडीत चढला.

सुगंधा आपल्या ओट्यावर येऊन उभी होती, मुलींना दोन्ही बाजूंना घेऊन. गाडी सुरू झाली आणि हळूहळू तिच्या घरासमोर आली. मामा सीटवर बसलेला नव्हता. भर गाडीत उभा, दांडा सोडून दोन्ही हात जोडलेले, ओट्याकडे तोंड करून. खड्डा आला, गाडी हिसकली, तो झोकांडला, तरी हात सोडीना.

सुगंधा जोरात ओरडली, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी, "बसा खाली भावजी! पडाल!"

मामा खाली बसला.

गाडी पुढे गेली. सुगंधा ओट्यावर उभी राहिली, रस्ता रिकामा झाला तरी, आणि मीही तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.